पाटावर मांडलेल्या गोल्फच्या काठ्या

सुज्ञ वाचकहो, एकलहरे येथील वीज केंद्राच्या वसाहतीत यंदा खंडेनवमीच्या दिवशी जी गोल्फ स्पर्धा भरली, तिचा साद्यंत वृत्तान्त आता आपणांसमोर ठेवला जाईल. बाईने पुरुषांच्या स्पर्धेत उतरावे की उतरू नये, या बिकट प्रश्नाचा तीत ऊहापोह आहे. त्याचप्रमाणे शेळ्या, जळके तेल, एक हवालदार आणि चहाचे चमचे यांचाही यथास्थळ उल्लेख येईल. वाचकांनी हसण्याची घाई करू नये, ही विनंती. कारण ज्यांच्यावर हा प्रसंग गुदरला, ते मोतीराम विधाते आजही त्याविषयी बोलताना टोपी सरळ करूनच बोलतात.

मोतीराम हे राख विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ. कोळसा जळून जे मागे उरते, त्याची वासलात लावणारे ते खाते. एके काळी या वसाहतीत भोंगा वाजला की घराघरांत पोळ्या लाटायला सुरुवात होई, आणि वारा फिरला की वाळत घातलेल्या पापडांवर राखेचा बारीक थर बसे. बायका धुराड्याकडे पाहून बोटे मोडीत आणि तेच पापड झटकून डब्यात भरीत. त्या पापडांची चव पुढे कोणत्याही पापडाला आली नाही, असे मोतीराम म्हणतात, आणि त्यांच्या पत्नी मालनबाई त्यावर म्हणतात की राख विकत मिळत नाही म्हणून.

त्याच राखेच्या भरावावर तेव्हाच्या साहेब लोकांनी गोल्फचे मैदान केले होते. मैदान म्हटल्यावर हिरवळ डोळ्यांपुढे आणू नये. गवत पावसाळ्यापुरते, आणि ज्या खड्ड्यात चेंडू घालवायचा, त्याच्या भोवती वाळूत जळके तेल कालवून थापलेले अंगण. त्याला ब्राऊन म्हणत. या ब्राऊनवरून ओले गोणपाट ओढून ते सारखे करणे, हे पाळी संपल्यावरचे काम मोतीरामांनी हौसेने अंगावर घेतले होते. गोणपाटाला वजन लागते म्हणून त्यावर ते आपली लहानगी सुवर्णा बसवीत. बाप ओढतो आहे, लेक राजासारखी बसली आहे, पाठीमागे ऊन उतरते आहे, असे दृश्य त्या काळी रोज संध्याकाळी दिसे. पुढे एका साहेबाने तिला आपली जुनी काठी दिली. वर्कशॉपवाल्यांनी ती करवतीने कापून तिच्या मापाची केली, आणि पोरगी गोणपाटावरून उतरली ती थेट खेळायलाच लागली.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, साहेब लोक आपल्या जुन्या काठ्या कामगारांना देत आणि कामगार चषक भरे. या चषकात फोरमन धोंडीराम हे सलग एक तप शेवटचे आले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

मग साहेब बदलून गेले, अर्धी वसाहत ओस पडली, मैदानात बाभळी माजल्या. निवृत्त मंडळींनी फाटकासमोर घरे बांधली आणि संध्याकाळी ओट्यावर बसून बाभळींकडे पाहण्याचा परिपाठ ठेवला.

सुवर्णा आता व्यावसायिक खेळाडू आहे. बायकांच्या स्पर्धांत तिचे नाव वरच्या फळीत असते. यंदा घटस्थापनेला ती माहेरी आली, ती चेहऱ्यावर काळजी घेऊनच. पुरुषांच्या एका मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत संयोजकांनी आपल्या अधिकारातली एक जागा तिला देऊ केली होती. येते की नाही, हे दसऱ्यापर्यंत कळवायचे होते.

"मग कळव की येते म्हणून," मोतीराम ओट्यावर बसून म्हणाले.

"बाबा, तिथली खूण लांबची असते. पहिला टोला तिथून मारायचा, पुरुषांबरोबर. आणि शेवटची आले तर? म्हणतील, बाई होती म्हणून जागा दिली. एका पोराची जागा खाल्ली."

शेजारच्या ओट्यावरून धोंडीरामांनी न विचारता आपले मत दिले. "खरंच हाय ते. बायकांचं येगळं हाय ना? मग आपल्यात खेळावं, नंबर काढावा, नाव करावं. तिकडं जाऊन हसं कशाला करून घ्यायचं? मी तुझ्या भल्याचं सांगतो, पोरी."

वसाहतीतील सर्व कटू गोष्टी धोंडीराम भल्यासाठीच सांगत.

सुवर्णाने मान खाली घातली. ज्या मुलीने लहानपणी सापाला काठीने वाट दाखवली होती, ती अशी खचलेली मोतीरामांना पाहवेना. "ते असू दे," ते म्हणाले. "उद्या आपल्या जुन्या ब्राऊनवर चार चेंडू मार. डोकं मोकळं होईल. मी एक खड्डा साफ करून ठेवतो."

एक खड्डा. सगळ्या प्रकरणाचा उगम तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी मोतीराम विळा घेऊन मैदानात उतरले, तेव्हा सल्ले देणारी मंडळी त्यांच्या आधी तेथे पोहोचली होती. धोंडीरामांच्या पत्नी लंकाबाई म्हणाल्या, "भाऊजी, कंबर मोडून घ्याल. माझ्या शेळ्या सोडा, दोन दिवसांत लख्ख करतील." शेळ्या सोडल्या. शेळ्यांनी गवत हुंगले, राखेने शिंकल्या, आणि खड्ड्याच्या खुणेसाठी मालनबाईंच्या जुन्या लुगड्याचे जे निशाण लावले होते, ते खाऊन टाकले. दुसरे लावले, तेही खाल्ले. तिसऱ्याच्या वेळी मालनबाई म्हणाल्या, "आता माझ्या अंगावरचं तेवढं राहिलंय."

बाभळी काढायला मोतीरामांनी सटाण्याहून भाचा कुंदन याला ट्रॅक्टरसह बोलावले. त्याने एका सकाळीत जमीन मोकळी केली आणि तो कमरेवर हात ठेवून आपल्या अहिराणीत कळकळीने म्हणाला, "मामा, इतली जागा पडेल शे, कांदा लावा ना!" त्याला गोल्फ समजावून सांगण्यात दुपार गेली. जाताना तो पुन्हा म्हणाला, "तरी पण मामा, कांदा."

जळक्या तेलाचा डबा मोतीराम नाशिकरोडच्या गॅरेजातून आणीत असता शहर बसमध्ये झाकण निघाले आणि पांढरा पायजमा मांडीपासून घोट्यापर्यंत काळा झाला. कंडक्टरने तिकीट दिले, पण बसू दिले नाही. चौतीस वर्षे राख वाहिलेल्या माणसाला डागाची लाज नसते. पण समोर बसलेली एक शाळकरी मुलगी आईला म्हणाली, "आई, आजोबा गळतायत," हे त्यांना लागले. त्यांनी तो डबा उरलेल्या वाटेत छातीशी धरला, तेव्हा सदराही गेला.

इतके होईतो ओट्याओट्यांवर जुन्या आठवणी जाग्या झाल्या होत्या. माळ्यांवरून काठ्या खाली येऊ लागल्या. कुणी तिने शेवग्याच्या शेंगा पाडीत होता, कुणाच्या खिडकीला ती टेकू होती, एकाच्या न्हाणीघरात ती पडद्याची दांडी होती. जो तो आपली काठी पुसून मैदानात येई, कमरेत वाके, आणि "आई गं" म्हणून सरळ होई. साहजिकच चषक पुन्हा भरवावा, असा ठराव झाला. खड्डे तीन झाले. समिती झाली आणि धोंडीराम तिचे अध्यक्ष झाले; कारण बैठकीची सतरंजी त्यांची होती. प्रस्तुत लेखक चिटणीस झाला. कारण पेन त्याचे होते.

चषकाचा शोध घेता तो गोजराबाईंच्या चहाच्या टपरीवर सापडला. त्यात चमचे होते. "घेऊन जा," गोजराबाई म्हणाल्या, "पण मी चमचे कशात ठेवू ते सांगा." जिंकणाऱ्याने चषक एक रात्र घरी ठेवावा आणि सकाळी टपरीवर परत करावा, असे ठरले.

आणि मग सतरंजीवर तो प्रश्न निघाला.

"सुवर्णाचं नाव पहिलं घे," मोतीराम चिटणिसाला म्हणाले.

धोंडीरामांनी चषक हातात घेऊन अंगठ्याने पुसला. "मोत्या, काय लिव्हलंय यावर? पुरुष कामगार चषक. ती पुरुष नाय, अन कामगारबी नाय."

"आपण तरी कुठं कामगार राहिलो आता?"

"ते येगळं. परंपरा हाय. आजवर यात बाई खेळली नाय. परंपरा म्हंजी परंपरा. उद्या ती जिंकली तर म्हणशील, म्हातारे काय खेळले? अन हरली तर पेपरवाले म्हणतील, म्हाताऱ्यांनी बी हरवली. दोन्हीकडनं वाईटच."

मोतीरामांची कानशिले तापली. "धोंड्या, तू एक तप शेवटला आलास. तुला कुणी इचारलं का, तू कशाला खेळतो म्हणून? तू कुणाची जागा खाल्ली, असं कुणी म्हणलं का?"

हा विषय वसाहतीत कधी कुणी काढीत नसे. धोंडीराम चषक खाली ठेवून हळू आवाजात म्हणाले, "मत घ्या." मते घेतली. मोतीरामांच्या बाजूने एकच हात वर झाला, तो त्यांचाच. चिटणिसाला मत नव्हते.

"राहू द्या, बाबा," सुवर्णा दारातून म्हणाली. "मी टोले मोजीन. तेवढं तर चालेल ना, काका?"

ती हसून म्हणाली, म्हणूनच मोतीरामांना रात्री जेवण गेले नाही. ज्या अंगणावर तिने पहिला चेंडू मारला, तेथेच तिला काठावर उभे करायचे आणि मग सांगायचे, जा, परक्या पुरुषांत जाऊन खेळ?

मैदानाच्या परवानगीसाठी मोतीराम एका कार्यालयात गेले, त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. खिडकीतले गृहस्थ सज्जन होते. "आजोबा, आमच्याकडे कबड्डी आहे, खो-खो आहे, नवरात्र म्हणून गरबा आहे. गोल्फ नाही. यातलं जवळचं काय?"

मोतीरामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हातात काठी असते."

"मग गरबा." शिक्का बसला. "पण दसऱ्याला नाही देता येणार. सगळा बंदोबस्त रावणदहनाला. नवमी घ्या."

नवमी घेतली. एका दिवसाचा तर फरक! त्या एका दिवसात काय दडले आहे, हे समितीतील एकाही अनुभवी माणसाच्या लक्षात आले नाही.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. मालनबाईंच्या माहेरच्या मळ्यातून, मखमलाबादेहून, झेंडूच्या दोन पाट्या आल्या. पूर्वी वर्कशॉपमध्ये या दिवशी पाने, पकडी, हातोडे मांडून पूजा होई, आणि ती नेहमी मोतीराम सांगत. कारण त्यांचा आवाज यंत्राच्या घरघरीतही ऐकू जाई. तसाच आजही निंबाखाली पाट मांडला. एकेकाने आपली काठी आणून ठेवली. मोतीराम घरातून सुवर्णाची पिशवी घेऊन आले, तेव्हा धोंडीराम आडवे आले.

"पाटावर स्पर्धकांचीच हत्यारं. ती तिकडं ठेव."

पिशवी पाण्याच्या रांजणाला टेकवून ठेवली. मोतीराम धुसफुसतच पाटापाशी आले. पण एकदा पूजेला बसल्यावर ते सर्व विसरले. हळद, कुंकू, प्रत्येक काठीला झेंडूची माळ. उदबत्तीच्या वासासरशी त्यांना जुने वर्कशॉप दिसू लागले, एकेक माणूस दिसू लागला, त्यातील कित्येक आता नाहीत. नारळ फोडून, उभे राहून, हात जोडून, ते दरवर्षीचे वाक्य त्यांनी दरवर्षीच्याच खणखणीत आवाजात उच्चारले:

"मंडळी, हत्यारं पूजेला बसली. आता उद्या दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही!"

"नाही!" सर्वांनी सवयीने प्रतिसाद दिला.

निंबावरचा कावळा उडून गेला. मग हळूहळू एकेकाचे तोंड उघडे पडू लागले. पूर्वी नवमीला पूजा आणि दसऱ्याला सामना असे. तारीख बदलली, पूजा बदलायची राहिली.

धोंडीराम सर्वांत आधी भानावर आले. "उचला काठ्या. गोल्फच्या काठीला कसलं आलंय हत्यार?" असे म्हणत ते पाटाकडे निघाले, तोच मालनबाई पदर खोचून मध्ये उभ्या राहिल्या.

"भाऊजी, हात नका लावू."

"अहो वहिनी, सामना हाय आज!"

"परंपरा हाय, भाऊजी. परंपरा म्हंजी परंपरा. तुम्हीच म्हणला ना सतरंजीवर? मी आतून ऐकत होते."

मागून लंकाबाई म्हणाल्या, "मालनताई, हलू नका तिथनं."

याच वेळी बंदोबस्ताचे हवालदार मोटारसायकलवरून उतरले. त्यांनी माळा घातलेल्या काठ्या पाहिल्या, टोप्या घातलेले वृद्ध पाहिले, आणि कागद पाहिला. "गरबा कुठंय?"

"हाच," मोतीराम म्हणाले.

"बाया कुठंयत?"

"एक आहे. पण तिला खेळायला घेत नाहीत."

हवालदारांनी खूप वेळ विचार केला आणि गोजराबाईंकडे चहा मागितला.

आता प्रस्तुत लेखकाने रांजणाकडे पाहिले. सर्वांनीच पाहिले. त्या मैदानात पूजेला न बसलेल्या काठ्या फक्त एकाच ठिकाणी होत्या, आणि त्या धोंडीरामांनीच तेथे ठेवायला लावल्या होत्या. स्पर्धा भरली होती, चषक घासून चकचकीत केला होता, आणि खेळू शकेल अशी एकच व्यक्ती उरली होती. कालपर्यंत प्रश्न होता, पुरुषांच्या स्पर्धेत बाईला घ्यावे काय? आज तो असा झाला, की बाईच्या स्पर्धेत पुरुषांना घ्यावे काय?

धोंडीरामांनी घसा साफ केला. "पोरी…"

"बोला, काका."

"तुझ्या काठ्या बायकांच्या असतील. हलक्या."

"हलक्या आहेत. खांद्याला बऱ्या पडतील." सुवर्णाने पिशवीची चेन उघडली. "सगळ्यांनी यातूनच खेळा. फक्त मीही खेळणार. आणि तुमच्याच खुणेवरून."

धोंडीरामांनी मालनबाईंकडे पाहिले, पाटाकडे पाहिले, मग टोपी काढून डोके खाजवले. "आता काय, तूच मालकीण," ते म्हणाले.

असा तो सामना झाला. एक पिशवी, आठ म्हातारे, एक बाई. एकाने मारायचे आणि काठी पुढच्याच्या हातात द्यायची. लांबच्या खुणेवरून सुवर्णाने पहिला टोला मारला, तेव्हा चेंडू उरलेल्या बाभळींच्या माथ्यावरून गेला आणि आवाज मागाहून आल्यासारखा वाटला. हवालदारांनी बशी खाली ठेवली. कुणी टाळी वाजवली नाही. सर्वजण डोळ्यांवर हात धरून चेंडू कोठे पडतो ते पाहत राहिले, जसे पूर्वी धुराड्याच्या टोकावर दिवा लावणाऱ्या माणसाकडे पाहत.

मोतीरामांना वाटले, सामना तेथेच संपला. पण ब्राऊन म्हणजे ब्राऊन. कित्येक वर्षे मऊ हिरवळीवर खेळलेल्या सुवर्णाचा चेंडू तेलकट वाळूत चिखलात रुतलेल्या बैलासारखा थांबे. एकदा थांबला, दोनदा थांबला. उलट धोंडीराम ब्राऊनवर म्हातारे झालेले. आणि ती हलकी काठी त्यांच्या दुखऱ्या खांद्याला अशी बसली, की जणू त्यांच्या मापानेच कापली होती. ते दर टोल्याला स्वतःच दचकत. शेवटच्या खड्ड्याशी सुवर्णाचा चेंडू काठावर येऊन थबकला आणि धोंडीरामांचा रांगत रांगत आत गेला.

एका टोल्याने धोंडीराम जिंकले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही बाईच्या काठीने.

मोतीरामांना लेकीकडे पाहवेना. ते गोणपाट उचलायचे निमित्त करून वळले. मागून हसण्याचा आवाज आला. सुवर्णा ब्राऊनवर मांडी घालून बसली होती, पांढऱ्या कपड्यांना तेल लागत होते, आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

"बाबा, हरले मी! पुरुषांच्या खुणेवरून खेळले, आणि हरले!"

"मग हसतीस काय, येडे?"

"हरल्यावर काय होतं, हेच बघायचं होतं. काही होत नाही, बाबा. गोजरामावशी चहा देतात."

धोंडीराम चषक घेऊन उभे होते. त्यांनी चषकावरची ती अक्षरे पुन्हा अंगठ्याने पुसली. या वेळी जरा जोरात. मग म्हणाले, "कळव त्यांना. येते म्हणून कळव. एवढ्या लांब मारणारी माणसं आमच्यात कधी नव्हती. त्यांच्यात असतील तर बघून ये."

दसऱ्याच्या सकाळी काठ्या पाटावरून उठल्या आणि आपापल्या शेंगांकडे, खिडक्यांकडे, न्हाणीघरांकडे परत गेल्या. चषकात चमचे पडले. संध्याकाळी मंडळी आपट्याची पाने घेऊन शीव ओलांडायला निघाली, तेव्हा सुवर्णाने चालता चालताच फोनवरून होकार कळवला. त्याआधी बापलेकींनी एकदा ब्राऊन सारखे करून घेतले. ती गोणपाटावर बसली होती. मोतीरामांना ते बोटभरही ओढता आले नाही. मालनबाई आणि लंकाबाईंनी हात लावला, तेव्हा हलले.

पुरुषांच्या त्या स्पर्धेत सुवर्णा पहिले दोन दिवस खेळली. पुढच्या दोन दिवसांत जाण्यासाठी जे टोले लागतात, त्याहून तिचे दोन अधिक झाले आणि तिचे नाव गळाले. तिच्या खाली कित्येक पुरुष होते, त्यांना कुणी काही विचारले नाही. तिला मात्र दहा माणसांनी माइक पुढे करून विचारले, आता कसे वाटते? ती म्हणाली, चहा प्यावासा वाटतो. कोणालाही त्याचा अर्थ लागला नाही.

रात्री तिने ओट्यावर फोन केला. मोतीराम काय बोलावे याची जुळवाजुळव करीत होते, तोच धोंडीरामांनी शेजारच्या ओट्यावरून येऊन फोन त्यांच्या हातातून घेतला.

"पोरी, ऐक. मला एक तप लागलं. तू आत्ताशी सुरुवात केलीस." मग थोडे थांबून, "अन येताना ती हलकी काठी घेऊन ये. पुढच्या वर्षी पूजा दुपारनंतर ठेवलीय."

हा वृत्तान्त जसा घडला तसा, पदरचे काही न घालता लिहिला आहे. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून राखेच्या या मैदानावर माझ्यासोबत चार पावले चाललात, याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
सावळीराम खोडे
चिटणीस, कामगार चषक समिती
(चषकावरील 'पुरुष' हा शब्द अध्यक्षांनी पुसून पुसून आता फारसा वाचता येत नाही, म्हणून येथे लिहिलेला नाही.)